हं म्हटलं, पण समजलं का?

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७२ आणि ७३



रोज दोन श्लोक आणि त्यावर थोडं चिंतन, असं करत करत आपण अठराव्या अध्यायाच्या टोकाशी आलो. आजच्या दोन श्लोकांत नवा उपदेश असा काहीच नाही. पारायण करताना इथं मी नेहमी भरभर म्हणून पुढे जायची. मुख्य सांगणं संपलेलं असतं, समाप्तीची ओढ लागलेली असते. यंदा मात्र याच दोन श्लोकांपाशी मी आठ दिवस अडकून बसले. का, ते आज सांगते.

आधी साधा अर्थ बघू. बहात्तराव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला विचारतात, की पार्था, हे सगळं तू मन लावून ऐकलंस ना? अज्ञानातून आलेला तुझा मोह गेला ना? त्र्याहत्तराव्यात अर्जुन उत्तर देतो, की अच्युता, तुझ्या कृपेनं माझा मोह गेला, मला भान आलं, आता शंका उरलेली नाही, मी स्थिर उभा आहे, तू सांगतोस तसं करीन.

एवढंच. एक प्रश्न आणि एक उत्तर. सातशे श्लोकांच्या ग्रंथात सांगणारा शेवटी थांबतो आणि विचारतो, बाबा रे, पोचलं का? आपल्या घरात हा प्रश्न कोण कोणाला विचारतं?

घरात घडलेली गोष्ट

माझे वडील, आबा, माझ्याकडेच असतात, इथं कराडला. वय चौऱ्याऐंशी. उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, डाव्यानं बरं येतं. रक्तदाबाची एक पांढरी गोळी सकाळी न्याहारीनंतर, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं.

मागच्या महिन्यात त्यांचे रिपोर्ट दाखवायला मी एकटीच डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले, दाब आता कमी राहतोय, गोळी अर्धी करा. मला तिथूनच पुढे भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं होतं. स्टँडवर उभं राहून मी आबांना फोन केला. मागं गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या हाका, माझ्या एका हातात पिशवी. मी म्हणाले, "आबा, ती पांढरी गोळी, आता अर्धी घ्यायची. समजलं ना?"

"हं."

"नक्की ना?"

"हं, हं."

गाडी लागली, मी बसले. मनावरचं एक काम उतरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनींचा फोन आला. आबा न्हाणीच्या दारात खाली बसले होते. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. देवाची कृपा की पडले नाहीत, भिंतीला धरून बसले. मी तशीच निघून आले. डॉक्टरांनी तपासलं, दाब फार खाली गेला होता. एक दिवस झोपून राहिले आणि सावरले.

नंतर उलगडलं ते असं. फोन संध्याकाळी झाला होता. मी म्हणाले "आता अर्धी घ्यायची". माझ्या मनात "आता" म्हणजे इथून पुढे. आबांच्या मनात "आता" म्हणजे आत्ता, संध्याकाळी. त्यांनी लगेच अर्धी घेतली. सकाळची एक तर ठरलेलीच, ती घेतली. परत संध्याकाळी अर्धी. कमी करायची ती गोळी दीडपट झाली.

आणि मी काय केलं? वहिनींच्या समोर, आबा अजून खाटेवर पडलेले असताना, म्हणाले, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

आबा काही बोलले नाहीत. पायांच्या बोटांकडे बघत राहिले. ते बघणं मला अजून आठवतं.

रात्री मी शांत झाले तेव्हा विचारलं, "आबा, नीट समजलं नव्हतं तर हं कशाला म्हणालात?"

ते म्हणाले, "मागं गाड्यांचा गलका. तुला गाडी धरायची. म्हटलं पोरगी घाईत हाय, कशाला परत परत विचारा." मग जरा थांबून म्हणाले, "आन् ऐकू येत न्हाई म्हटलं की माणसं वरडत्यात."

त्याच रात्री क्रमानं वाचायला आला तो बहात्तरावा श्लोक.

हुंकार कशाचा?

वाचकहो, मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. रोज शेवटी फळा पुसता पुसता विचारायची, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "होऽऽ बाई!" दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या की कळायचं, त्या "हो"त किती पोरं होती आणि किती नुसता आवाज होता. नंतर मला शहाणपण आलं. मी विचारणं बदललं. एखाद्याला पुढे बोलवायची आणि म्हणायची, "आता तू बाई हो आणि मला शिकव." तेव्हा खरं काय ते बाहेर पडायचं. शाळेत शिकलेलं हे मी घरात मात्र विसरले.

"हं" या एका अक्षरात आपण किती गोष्टी भरतो! लहानपणी आबा आम्हाला अंगणात गोष्टी सांगायचे. अट एकच, हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आम्ही भावंडं झोपेत पेंगत "हं… हं…" करत राहायचो. त्या हुंकाराचा अर्थ "मी जागी आहे, पुढे सांगा" एवढाच. समजलं, असा नव्हे. आबांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते मध्येच विचारायचे, "सांगा बरं, राजा कुठवर आला?" ज्याला सांगता यायचं नाही त्याच्यासाठी ते थोडं मागं जाऊन परत सांगायचे. रागवायचे नाहीत.

म्हणजे एक "हं" असतो जागेपणाचा. एक असतो मान राखायचा. एक "तुझं चालू दे" असा. एक "तू घाईत आहेस, मी तुला अडवत नाही" असा. आणि एक खरोखर समजल्याचा. कानाला पाचही सारखेच लागतात. स्टँडवर मी चौथा "हं" ऐकला आणि पाचवा समजले.

आपलं बोलणंच असं आहे, की शब्द थोडे आणि भर ऐकणाऱ्यानं घालायची. घरातून निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि ऐकणारा बरोबर समजतो की हा निघाला. कुणाकडे उसने पैसे मागितले आणि तो म्हणाला "बघू की", तर आपण ओळखतो की मिळायचे नाहीत. "आम्ही देवळात जातोय" आणि "आपण देवळात जाऊ" यातल्या एका शब्दावरून समोरच्याला कळतं की आपल्याला बरोबर न्यायचंय की नाही. हे सगळं कुणी समजावून सांगत नाही. दोघांचा अनुभव एक असतो, म्हणून ते चालतं. जिथं दोघांच्या मनातला अर्थ वेगळा पडतो, तिथं "आता"सारखा एवढासा शब्दही दगा देतो. आणि दगा झालाय हे दोघांनाही कळत नाही, कारण दोघांनाही आपण समजलोय असंच वाटत असतं.

अर्जुनाचं "आं?"

आता गीतेकडे वळू. अर्जुन हा कसा श्रोता आहे, हे या निमित्तानं मी पहिल्यापासून परत बघितलं.

दुसऱ्या अध्यायात तो "मी तुझा शिष्य आहे, मला शिकव" म्हणतो, मग "मी लढणार नाही" म्हणून गप्प बसतो. उपदेश सुरू होतो. दुसरा अध्याय संपतो. आपल्यासारखा असता तर म्हणाला असता, "हं, हं, समजलं." पण तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या दोन श्लोकांत तो काय म्हणतो? तुला ज्ञान श्रेष्ठ वाटतं तर मला या भयंकर कर्मात का ढकलतोस? तुझ्या मिसळलेल्या बोलण्यानं माझा गोंधळ उडतोय. एक काय ते ठरवून सांग.

प्रत्यक्ष भगवंताला तो सांगतो, की तुझं बोलणं मला गोंधळात टाकतंय. आणि भगवंत रागावत नाहीत.

चौथ्या अध्यायात कृष्ण म्हणतात, हा योग मी पूर्वी सूर्याला सांगितला. अर्जुन लगेच थांबवतो, तुझा जन्म अलीकडचा, सूर्याचा फार पूर्वीचा, मग हे मी कसं समजायचं? पाचव्या अध्यायाच्या आरंभी परत तेच. कर्म सोडणंही वाखाणतोस, कर्मयोगही वाखाणतोस, दोन्हींतलं चांगलं कुठलं ते नक्की सांग. सहाव्यात म्हणतो, हे समत्व टिकेल असं मला दिसत नाही, मन फार चंचल आहे, त्याला आवरणं म्हणजे वारा आवरण्यासारखं आहे. इथं कृष्ण उत्तराच्या आधी काय म्हणतात ते बघण्यासारखं आहे. ते आधी म्हणतात, खरं आहे, यात संशय नाही, मन आवरायला कठीणच आहे. मग अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतात. आधी समोरच्याची अडचण मान्य केली, मग उत्तर दिलं.

अर्जुनाला एकदा सांगितलेलं एकदाच समजलं असतं तर गीता दुसऱ्या अध्यायातच संपली असती. त्यानं विचारलं म्हणून आपल्याला एवढं मिळालं.

परत विचारणं हा कमीपणा नाही, हे आज भाषेचे अभ्यासकही सांगतात. माणसं बोलतात कशी याचा बारकाईनं अभ्यास करणारी एक विद्याशाखाच आहे. १९७४ साली अमेरिकेत सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांनी साध्या गप्पांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं, की माणसं बोलण्याची पाळी किती शिस्तीनं एकमेकांकडे देतात. पुढे २००९ मध्ये जगातल्या दहा भाषा तपासल्या, तेव्हा दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मनात वाक्य जुळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर तयार करायला लागलेलो असतो. केवढं हे देवानं दिलेलं कौशल्य! पण धोकाही त्यातच आहे. उत्तर तयार झालं की कान थोडे बंद होतात.

२०१५ च्या आणखी एका अभ्यासात बारा भाषांमधल्या घरगुती गप्पा तपासल्या. त्यात दिसलं, की "आं?", "कोण म्हणालास?", "म्हणजे उद्या का?" असं परत विचारणं सरासरी दीड मिनिटाच्या आत एकदा होतंच. सगळीकडे, सगळ्या भाषांत. म्हणजे बोलणं नीट चालतं ते चूक होत नाही म्हणून नव्हे. चूक होते आणि आपण ती जागच्या जागी दुरुस्त करून घेतो, म्हणून चालतं. ज्या घरात "आं?" म्हणायची भीती वाटते, त्या घरात ही दुरुस्ती बंद पडते. माझ्या घरात ती बंद पडली होती. आबांनी "आं?" म्हणणं सोडून दिलं होतं, आणि ते सोडायला लावणाऱ्यांत मीही होते.

सातशे श्लोक ऐकणारा दुसरा

गीता अर्जुनाप्रमाणे आणखी एकानं ऐकली, हे आपण विसरतो. धृतराष्ट्रानं. संजय त्यालाच तर सगळं सांगतोय. तेच शब्द, तोच क्रम, एकही श्लोक कमी नाही. पण धृतराष्ट्र पहिल्या श्लोकात एक प्रश्न विचारतो, माझी मुलं आणि पांडव यांनी काय केलं, आणि त्यानंतर अठरा अध्यायांत एक शब्द बोलत नाही. शंका नाही, "परत सांग" नाही, "थांब" नाही. संजय शेवटी आपलं हरखणं सांगतो, जय कुठे आहे तेही सांगतो. राजा गप्प.

एकजण अडखळत, भांडत, विचारत ऐकतो आणि बदलतो. दुसरा शांतपणे सगळं ऐकतो आणि होता तसाच राहतो. पूर्वी मला धृतराष्ट्राचं गप्प बसणं हे चांगल्या श्रोत्याचं लक्षण वाटलं असतं. आता तसं वाटत नाही.

एका "ओके"ची किंमत

एक गोष्ट सांगते, जरा दूरची आहे पण आपल्या विषयाचीच आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. दोन अवाढव्य विमानं एकाच धावपट्टीवर होती, एक डच आणि एक अमेरिकन, आणि धुक्यामुळे त्यांना एकमेकं दिसत नव्हती. डच विमानातून रेडिओवर सांगितलं गेलं, की आम्ही आता उड्डाणावर आहोत. सांगणाऱ्याच्या मनात होतं, निघालो. नियंत्रण कक्षातल्या माणसाला वाटलं, निघायला तयार होऊन उभे आहेत. तो म्हणाला, "ओके." लगेच पुढे तो म्हणाला की थांबा, मी सांगतो तेव्हा निघा. पण नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन विमानातून कळवलं जात होतं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोघं एकदम बोलले, म्हणून रेडिओत नुसती शिट्टी वाजली. डच विमानात स्पष्ट ऐकू आला तो शब्द एकच, "ओके". ५८३ माणसं गेली.

हे वाचल्यावर मला स्टँडवरचा माझा फोन आठवला. सांगणाऱ्याचं "आता" एक, ऐकणाऱ्याचं "आता" दुसरं, आणि मध्ये एक "हं".

त्या अपघातानंतर विमानांच्या जगात नियम कडक झाले. महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं "ओके" म्हणून भागत नाही. सूचना जशी ऐकली तशी परत म्हणून दाखवायची, आणि सांगणाऱ्यानं ती बरोबर आहे का ते ऐकायचं. उड्डाण हा शब्दसुद्धा प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही.

आता अर्जुनाचं उत्तर परत बघा. कृष्णानं विचारलं, ऐकलंस ना, मोह गेला ना? अर्जुन नुसतं "हो" म्हणत नाही. काय गेलं ते सांगतो, काय परत आलं ते सांगतो, आता मनाची स्थिती कशी आहे ते सांगतो, आणि पुढे काय करणार तेही सांगतो. ऐकलेलं तो स्वतःच्या शब्दांत परत ठेवतो. तेव्हा कुठे संवाद पुरा होतो. त्यानंतर कृष्ण काही बोलत नाहीत. बोलायची गरज उरत नाही.

विचारायचं कसं?

मग वाटलं, मीही तर विचारलं होतं, "समजलं ना?" दोनदा विचारलं होतं. मग कृष्णाच्या विचारण्यात आणि माझ्या विचारण्यात फरक काय?

पहिला फरक, माझ्या प्रश्नात उत्तर आधीच होतं. "समजलं ना?" याला "नाही" म्हणायला फार धीर लागतो. तो प्रश्न नव्हताच. मला "हं" हवा होता आणि तो मी घेतला.

दुसरा, भगवंतांनी त्याआधी जागा करून दिली आहे. त्रेसष्टाव्या श्लोकात ते म्हणतात, याचा पुरा विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्याला नकार द्यायची मोकळीक आहे, त्याच्याच होकाराला अर्थ असतो. आधी मोकळीक, मग प्रश्न, असा क्रम आहे.

तिसरा फरक माउलींनी दाखवून दिला. इथं नेवाशाला शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत या श्लोकावर जे येतं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. माउलींचा कृष्ण विचारतो, की आम्ही कानांच्या हवाली केलं, ते कानांनी तसंच तुझ्या चित्तापर्यंत नेऊन पोचवलं का? की मधल्या वाटेत सांडलं? की नको म्हणून बाजूला टाकलं? बघा, किती प्रेमानं विचारलंय! मध्ये सांडलं असेल तर तो दोष अर्जुनाचा आहे असं कुठेही नाही. माल पाठवणारा जसा पोच विचारतो, तसं विचारणं आहे. काळजी मालाची आहे, आरोप कुणावर नाही.

माउली स्वतःही तसेच. ते श्रोत्यांशी बोलत बोलत पुढे जातात, मध्येच थांबून त्यांचं लक्ष मागतात. नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागून होते. एवढा मोठा वक्ता, पण श्रोत्याशिवाय आपलं बोलणं अपुरं आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे.

मी मात्र सांगितलं म्हणजे माझं काम झालं असं धरून चालले. "मी सांगितलं होतं ना!" हे वाक्य त्यातूनच येतं. सांगितलं होतं हे खरं. पोचवलं नव्हतं.

संगमावर

आबा हिंडूफिरू लागल्यावर एका संध्याकाळी आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. कराडकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. इथं कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना तिच्या अगदी समोरून येते. दोघी समोरासमोर भेटतात आणि मग एक होऊन पूर्वेकडे वळतात. लहानपणी आबांनीच मला हात धरून हे दाखवलं होतं.

यावेळी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, ऐकू येणाऱ्या कानाच्या. इतकी वर्षं चालताना मी उजवीकडे असायची, कधी लक्षातच आलं नव्हतं. मी म्हणाले, "आबा, त्या दिवशी तुमच्यावर ओरडले. चुकलं माझं. घाईत सांगितलं आणि नीट विचारलं नाही."

ते म्हणाले, "चालायचंच गं."

मी म्हणाले, "चालायचं नाही. आता मी काही सांगितलं की तुम्ही मला परत सांगायचं. तुमची परीक्षा म्हणून नाही. मी बरोबर सांगितलं का ते मला कळावं म्हणून."

आबा जरा वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग हसले. "म्हंजे राजा कुठवर आला, तसंच की."

"व्हय, तसंच," मी म्हणाले.

आता घरात तसंच चाललंय. काल मी म्हणाले, "आबा, उद्या अकराला डॉक्टर." ते म्हणाले, "उद्या म्हंजे बुधवारी. अकराला तिथं पोचायचं, का घरातनं निघायचं?" मी थांबले. खरंच, मी ते सांगितलंच नव्हतं. आणि आणखी एक झालंय. गेल्या आठ दिवसांत आबा तीनदा मोकळेपणानं "आं?" म्हणाले. मला ते ऐकून जेवढं बरं वाटलं, तेवढं त्यांच्या शंभर "हं"नी कधी वाटलं नव्हतं.

आजचा अभ्यास

१. आज घरात कुणालाही महत्त्वाचं सांगताना, औषध, पैसे, वेळ, प्रवास, असं काहीही, शेवटी "समजलं ना?" विचारू नका. "मी काय सांगितलं ते एकदा म्हणून दाखवता? माझ्याकडून काही राहिलं तर कळेल," असं विचारा.

२. कुणी "आं?" म्हटलं तर तेच वाक्य मोठ्यानं ओरडू नका. जवळ जा, तोंड त्यांच्याकडे करा, आणि वेगळ्या सोप्या शब्दांत सांगा.

३. स्वतः ऐकत असताना, नीट कळलं नसेल तर "हं" म्हणायच्या आधी एक श्वास थांबा. अर्जुनाला भगवंतासमोर "माझा गोंधळ होतोय" म्हणता आलं, तर आपल्याला घरच्या माणसासमोर म्हणायला हरकत नाही.

४. रात्री तिसऱ्या अध्यायाचे पहिले दोन श्लोक आणि आजचे दोन श्लोक एकापाठोपाठ वाचा. गोंधळलेला अर्जुन आणि स्थिर झालेला अर्जुन, दोघं एकच आहेत. मधलं अंतर त्यानं विचारून विचारून कापलं आहे.

प्रार्थना

हे पार्थसारथे, तू एवढं सांगूनही शेवटी थांबलास आणि विचारलंस. आम्हाला सांगायची घाई फार, विचारायला वेळ नाही. आमच्या घरातल्या थकलेल्या, कमी ऐकणाऱ्या, भिडेनं गप्प बसणाऱ्या माणसांना परत विचारायचा धीर दे, आणि त्यांनी विचारलं की आमच्या कपाळावर आठी येऊ देऊ नकोस. आमच्या बोलण्यातलं वाटेत सांडलेलं आम्हाला वेळेवर दिसू दे. आणि तू आम्हाला जे सांगतोस त्याला आमचा नुसता हुंकार नको, अर्जुनासारखं उत्तर आमच्या मुखातून येऊ दे.

उद्या संजयाचे शेवटचे श्लोक सुरू करू. तुमच्या घरातला असा एखादा "हं" आठवला तर आज त्या माणसाजवळ जाऊन बसा. ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला.

रामकृष्ण हरी.